गोड्या पाण्यातले शब्द

चंद्रहासला गप्प बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. मूळचा नागपूरचा, आयर्लंडमधल्या ल्यूकनला येऊन इतकी वर्षं झाली तरी बोलण्यातलं ‘अरे यार’ काही सुटलं नव्हतं. बसस्टॉपवर उभा राहिला की बस येईपर्यंत शेजारच्या माणसाचं गाव, गुडघेदुखी आणि जावयाची नोकरी हे सगळं त्याला ठाऊक झालेलं असे. मंडळाच्या गणपतीत त्याच्या हाती माईक द्यायला लोक बिचकत, कारण दिलेला माईक परत मिळायची खात्री नसे. उल्का म्हणायची, “ह्याच्याशी लग्न केलं आणि घरात रेडिओ घ्यायचा राहूनच गेला.”

एका ठिकाणी मात्र तो तास न् तास गप्प बसतो, असं डेक्लन सांगायचा. ते ठिकाण म्हणजे हेझलहॅचचा कालवा. उल्काचा ह्यावर विश्वास नव्हता, आणि खात्री करून घ्यायला ती कधी गेलीही नव्हती.

डेक्लन हा चंद्रहासच्या, कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यातला सहकारी. मशीन बंद पडलं की दोघं मिळून ते चालू करायचे, त्यातून मैत्री झाली. एका शनिवारी ‘चल, हवा खाऊन येऊ’ म्हणत त्याने चंद्रहासला कालव्यावर नेलं आणि त्याच्या हातात गळाची काठी दिली. अंबाझरीच्या काठावर बसून शेंगदाणे खाण्यापलीकडे ज्याचा तळ्याशी कधी संबंध आला नव्हता, तो माणूस त्या संध्याकाळी घरी आला तो गुडघ्यापर्यंत चिखलात आणि चेहऱ्याने उजळलेला. एक पर्च मिळाला होता. हाताच्या पंजाएवढा, अंगावर पट्टे असलेला. त्याने तो पुन्हा पाण्यात सोडून दिला होता, आणि त्या पंजाएवढ्या माशाची गोष्ट उल्काने आणि त्यांच्या मुलीने, इशिताने, आठवडाभर ऐकली.

मग अभ्यास सुरू झाला. इंजिनीयरच तो, काठी पुन्हा हातात धरण्याआधी त्याला शास्त्र हवं. त्याने अमेरिकन लोकांचे व्हिडिओ पाहायला घेतले. ते सगळे बास नावाच्या माशाचे. गोड्या पाण्यातला बास तळ्यात कुठे लपतो, कधी भुकेला असतो, कुठलं खोटं आमिष पाहून चिडतो, ह्यावर टोप्या घातलेली माणसं होडीत उभी राहून भरभरून बोलायची. आयर्लंडच्या गोड्या पाण्यात हा बास औषधालासुद्धा मिळत नाही. इथे पाईक आणि पर्च. डेक्लन हसून म्हणायचा, “देश चुकला, मासा चुकला, पण भाषा अगदी पक्की!” कारण चंद्रहासने ती सगळी भाषा उचलली होती. कालव्यात पडलेल्या फांदीला तो ‘कव्हर’ म्हणायचा, पाण्याखालच्या उताराला ‘स्ट्रक्चर’. फोनवर डेक्लनशी बोलताना तो असे शब्द वापरायचा की उल्काला वाटे, आपल्या घरात कुणीतरी तिसऱ्याच देशाचं माणूस राहतंय.

तिला तो छंद आवडत नव्हता. शनिवारची सकाळ जायची, गाडीला ओला वास यायचा, आणि किचनमधल्या प्रेसमध्ये (इथल्यासारखं तीही आता कपाटाला प्रेसच म्हणायची) गोडा मसाल्याच्या डब्याशेजारी एकदा तिला रबरी अळ्यांची पिशवी सापडली होती. “पकडायचा आणि सोडायचा, तर मग जायचंच कशाला?” असं तिने विचारलं होतं. त्यावर त्याने तिला इतकं लांबलचक उत्तर दिलं की तिने पुन्हा विचारलं नाही.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी तो पोहे करत होता. फोडणी झाली होती, कांदा परतत आला होता. उल्का टेबलाशी चहा घेत बसली होती. तो म्हणाला, “अगं, मी जरा…” आणि पुढे तोंडातून जे आलं ते शब्द नव्हते. नुसते आवाज. उल्काला वाटलं, नेहमीसारखी गंमत करतोय. ती हसलीसुद्धा. मग उजव्या हातातला झारा गळून पडला, आणि त्याने वळून तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत गंमत नव्हती.

पुढचं सगळं भराभर झालं. इशिताने फोन केला, अॅम्ब्युलन्स आली, ब्युमॉन्ट हॉस्पिटलला नेलं. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी होती. डॉक्टरांनी ती काढली, जीव वाचला. उजवा पाय हळूहळू परत आला, उजवा हात फारसा नाही. पण वाचा गेली. ऐकलेलं बहुतेक सगळं त्याला कळत होतं, कोण आलंय कोण गेलंय कळत होतं. मनात काय म्हणायचंय तेही पक्कं असायचं. फक्त शब्द हाताला लागत नव्हते. ह्याला अफेझिया म्हणतात, डॉक्टरांनी सांगितलं. किती परत येईल, कधी येईल, हे आत्ता सांगता येत नाही.

त्याच्याजवळ फक्त ‘हो’ उरला होता. भूक लागली? हो. नाही लागली? हो. दुखतंय? हो, हो. आणि आपण चुकीचा ‘हो’ म्हणालो हे त्याचं त्यालाच कळायचं, तेव्हा तो डावा हात कपाळावर मारून घ्यायचा. उल्का तो हात धरून बसायची.

ब्युमॉन्टमधून त्याला पुनर्वसन केंद्रात हलवलं. तिथे ओर्ला नावाची स्पीच थेरपिस्ट होती. चाळिशीची, लाल चष्म्याची, कधीही घाई नसणारी. तिने विचारलं, “घरी कोणती भाषा बोलता?”

“आम्ही दोघं मराठी. मुलीशी मराठीत बोलतो, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते.”

“मग दोन्ही आणा,” ओर्ला म्हणाली. “त्याच्या आवडीच्या वस्तू, फोटो, काहीही. कुठलं दार आधी उघडेल ते आपल्याला ठाऊक नसतं.”

उल्काने फोटो नेले. त्याच्या आईचा, लग्नातला, इशिताच्या पहिल्या शाळेचा. गणपतीची छोटी पितळी मूर्ती नेली. चंद्रहासने प्रत्येक वस्तू हातात घेतली, मूर्तीला कपाळ लावलं, आईच्या फोटोवरून अंगठा फिरवला. तोंड उघडलं, आणि मिटलं. असं किती दिवस चाललं. उल्का परतताना गाडीत रडून घ्यायची, म्हणजे घरी इशितासमोर रडायला नको.

पंधरा वर्षांची इशिता एके दिवशी शाळेतून परस्पर केंद्रात आली ती बाबाची गळाची पेटी घेऊन. उल्का चिडली. “हे काय आणलंस? गळ आहेत त्यात, टोचतील त्याला!”

“गळ मी काढून ठेवलेत,” इशिता इंग्लिशमध्ये म्हणाली. “आई, ओर्ला म्हणाली होती ना, आवडीच्या वस्तू.”

पेटी उघडल्यावर चंद्रहास सावरून बसला. डाव्या हाताने त्याने एकेक वस्तू बाहेर काढली. चमकता पत्रा, रबरी बेडूक, पक्कड. सगळ्यात शेवटी तळातलं रीळ निघालं. ते तसंच पडून होतं, आणि त्यावरच्या दोऱ्याचा असा गुंता झाला होता की सुरुवात कुठली आणि शेवट कुठला ते कळत नव्हतं. चंद्रहासने ते डोळ्यांसमोर धरलं, नापसंतीने मान हलवली आणि स्वच्छ आवाजात म्हणाला, “बर्ड्स नेस्ट.”

शेजारी बसलेल्या ओर्लाने हातातलं पेन खाली ठेवलं.

उल्काच्या मनात भलतंच आलं. पक्ष्याचं घरटं? रिळाला तो घरटं म्हणतोय? म्हणजे आता डोकंही…

“आई!” इशिता ओरडलीच. “आई, ते बरोबर आहे! रिळावर लाइन गुंतली ना की तिला बर्ड्स नेस्टच म्हणतात! बाबा नेहमी म्हणतो!”

चंद्रहास मुलीकडे बघून जोरजोरात मान डोलवत होता. “हो,” तो म्हणाला, आणि ह्या वेळी तो ‘हो’ होच होता. “बर्ड्स नेस्ट. बर्ड्स… नेस्ट.” त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ओर्लाने चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, “ठीक आहे. मग आपण इथून जाऊ.”

त्या दिवसापासून उल्काने मासेमारी शिकायला घेतली. दुसरा इलाज नव्हता. ओर्लाला हे शब्द माहीत नव्हते, इशिताला अर्धेमुर्धे येत होते, आणि चंद्रहासच्या तोंडून एखादा शब्द निघाला की तो बरोबर की बरळणं, हे कुणालातरी कळायला हवं होतं. ती सॉफ्टवेअर टेस्टर होती, चुका शोधणं हा तिचा पेशा. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ती ते अमेरिकन व्हिडिओ लावायची. ज्या टोपीवाल्या माणसाचा आवाज ऐकून ती पूर्वी दार लावून घ्यायची, त्याचंच बोलणं आता मागेपुढे करून ऐकायची. गळ पाण्याखालच्या झाडाझुडपात अडकला की तो ‘स्नॅग’. माशाने आमिषाला नुसता तोंडाचा धक्का मारला आणि गळ काही तोंडात गेला नाही, तर ‘शॉर्ट स्ट्राइक’. आमिष टाकून ते जराही न हलवता तसंच पडू द्यायचं, त्याला ‘डेड स्टिक’. तिच्या माहेरी अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत आलं नव्हतं. आपली लेक परदेशात बसून रबरी अळी गळात कशी ओवायची ते शिकतेय हे आईला कळलं तर काय होईल, ह्या विचाराने तिला एकटीला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं.

आणि शब्द यायला लागले. आधी पेटीतले. मग त्या शब्दांच्या आजूबाजूचे. पाणी, दोरी, होडी, थंड. मराठी-इंग्लिश असा भेद नव्हता, जो हाताशी येईल तो. नावांचा सावळा गोंधळ होता. उल्काला तो एकदा ‘डेक्लन’ म्हणाला आणि इशिताला सलग दोन दिवस ‘मावशी’. इशिता ‘मावशी’ला ओ द्यायची. इतकंच नव्हे, ती बाबाशी मराठीत बोलायला लागली. तिची मराठी अडखळत चालायची, प्रत्येक क्रियापदापाशी थांबायची. त्याचीही तशीच. दोघं एकाच वेगाने बोलत बसलेली पाहून उल्का खोलीच्या दाराबाहेरच थांबायची.

मे महिन्यात तो घरी आला. आता उल्काला वाटलं, आपण सगळं हातात घेतलं की गाडी रुळावर येईल. तिने कामावरून लांब रजा घेतली. त्याचे व्यायाम, गोळ्या, चालणं. आणि बोलणं. तो तोंड उघडायचा अवकाश, ती शब्द पुरवायची. एखादा लहान मुलगा पायरी उतरताना आई दोन्ही हात पुढे करून उभी राहते, तशी ती त्याच्या प्रत्येक वाक्याच्या पुढे उभी असायची. त्याला वाट पाहावी लागू नये, त्याने कपाळावर हात मारून घेऊ नये, एवढंच तिच्या मनात होतं.

एका शुक्रवारी दोघंच जेवायला होती. इशिता कॅमोगीच्या, म्हणजे इथल्या मुलींच्या काठी-चेंडूच्या खेळाच्या, सरावाला गेली होती. उल्काने मेथीची पळीवाढी भाजी केली होती. चंद्रहासने दोन घास खाल्ले, चमचा ठेवला आणि म्हणाला, “मला… ही…”

“पाणी हवंय?”

त्याने नाही म्हणून मान हलवली. “ही… ही…”

“मीठ? मीठ कमी झालंय? लोणचं देऊ? पोळी गार आहे का? थांब, गरम करते…”

डाव्या हाताचा पंजा टेबलावर आपटला. ताटातली वाटी उडाली. “ड्रॅग!” तो ओरडला. “तू… ड्रॅग! ड्रॅग!”

उल्का अर्धवट उठलेली तशीच थांबली. ड्रॅग. ओढणं, रखडणं. तिला एकदम कळलं असं वाटलं. ती त्याच्याजवळ गेली, गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, “नाही रे. असं कुणी सांगितलं तुला? तू ओझं नाहीस माझ्यावर. मी काही तुला ओढत नाहीये.”

त्याने डोळे मिटून घेतले. तिने धरलेला हात सोडवून घेतला आणि खिडकीकडे तोंड करून बसला. भाजी तशीच राहिली. उल्काने वाटी उचलली, टेबल पुसलं, आणि ती पुसत असताना तिला दुसरा अर्थ सुचला. तो ‘तू’ म्हणाला होता. तू ड्रॅग. म्हणजे मी. मी त्याच्या गळ्यातलं लोढणं. बोलता येत नाही म्हणून इतके दिवस मनात ठेवलं असेल, आज निघालं.

ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नसती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी डेक्लन आला, दर शनिवारी यायचा तसा. बायकोने भाजलेला ब्राउन ब्रेड त्याच्या हातात होता. चंद्रहास वर अंघोळ करत होता. डेक्लनने दारातच उल्काचा चेहरा पाहिला आणि विचारलं, “काय झालं? ग्रँड आहात ना सगळे?”

इथल्या रीतीप्रमाणे ‘ग्रँड’, म्हणजे ‘एकदम मजेत’, म्हणायला तिने तोंड उघडलं आणि तिथेच तिचा बांध फुटला. तिने सगळं सांगितलं. भाजी, पंजा, ड्रॅग.

डेक्लन ऐकत राहिला. मग हसायला लागला. तिचा चेहरा पाहून लगेच गप्प झाला आणि म्हणाला, “माफ कर. जरा बाहेर ये.” त्याने गाडीच्या डिकीतून काठी काढली, तिच्या रिळातून दोन हात लाइन ओढली आणि टोक उल्काच्या बोटांभोवती गुंडाळलं. “तू मासा,” तो म्हणाला. “पळ.”

“काय?”

“अगं, पळ म्हणजे ओढ.”

समोरच्या घरातली बाई कचऱ्याचा बिन बाहेर ठेवत होती. ती बघत राहिली. उल्काने ओढलं. लाइन ताठ झाली आणि बोटात रुतली. आणखी ओढलं तशी कट्कन तुटली.

“गेला मासा,” डेक्लन म्हणाला. त्याने लाइन पुन्हा तिच्या बोटाला बांधली आणि रिळावरची एक छोटी चकती दोन-तीन वळसे सैल केली. “आता ओढ.”

ह्या वेळी लाइन सुटत गेली. रिळातून बारीक टिक्‌टिक् आवाज येत राहिला, आणि उल्का मागे मागे जात कुंपणाच्या झुडपापाशी पोहोचली. बोटावर लाइनचा ताण होता, पण ती रुतत नव्हती.

“हा ड्रॅग,” डेक्लन चकतीवर बोट ठेवून म्हणाला. “लाइन किती घट्ट धरायची ते ह्याच्यावर ठरतं. नवीन माणूस घाबरून हा पार आवळून टाकतो. मासा जाईल ना, म्हणून. आणि मग तो जातोच. तुझा नवरा मला सारखा सांगायचा, ड्रॅग सैल कर, डेक्लन, ड्रॅग सैल कर. दहा वर्षांचा असल्यापासून मी मासे धरतोय आणि हा व्हिडिओ बघून मला शिकवतोय!”

उल्का झुडपापाशी तशीच उभी होती. मग बोटाची लाइन न सोडताच तिने दुसऱ्या हाताने तोंड झाकलं.

चंद्रहास खाली आला तेव्हा ती त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली. डेक्लन, न सांगताच, ब्रेड कापायला किचनमध्ये गेला.

“ड्रॅग म्हणजे ती रिळावरची चकती,” ती म्हणाली. “मी फार आवळते. हेच ना?”

चंद्रहासने तिच्याकडे पाहिलं. मग तो हसला. आजारानंतर त्याच्या हसण्याची एक बाजू जरा मागे राहायची, पण हसणं तेच होतं, पोटातून आलेलं. “हो,” तो म्हणाला. “हो, हो, हो. अरे… यार!”

तिलाही हसू आलं, रडूही. मग तिने विचारलं, “काल तुला काय हवं होतं?”

त्याने तोंड उघडलं. उल्काच्या ओठांवर चार शब्द येऊन उभे राहिले. तिने ते गिळले आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. किटली उकळून बंद झाली. शेजारी कुणीतरी गवत कापायचं मशीन चालू केलं, ते दोनदा बंद पडून तिसऱ्यांदा लागलं. चंद्रहासच्या कपाळावर घाम आला होता.

“का… काही,” तो म्हणाला. थांबला. “काही… नको होतं.” पुन्हा थांबला; कुठूनतरी खोलवरून ओढून आणावं तसं एकेक आणलं. “भाजी… छान… झाली… होती.”

मशीनचा आवाज चालूच होता. उल्काने उठून फ्रिज उघडला, कालची मेथी काढली आणि गरम करायला ठेवली. सकाळचे दहा वाजले होते. तिघांनी ब्राउन ब्रेडला लावून मेथीची भाजी खाल्ली, आणि डेक्लनने दोनदा मागून घेतली.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. वाईट दिवस होतेच. फोन वाजला की त्याचा चेहरा अजून पडायचा. दुकानातल्या मुलीने आपल्याशी न बोलता उल्काकडे बघून “त्याला पिशवी हवी का?” विचारलं, तर दिवसभर तो जेवायचा नाही. पण आता घरात एक रीत पडली होती. उल्का फार पुढे धावली की तो बोटाने हवेतली चकती फिरवायचा, आणि ती गप्प बसायची. शब्द अगदी जिभेवर येऊन निसटला की तो स्वतःच म्हणायचा, “शॉर्ट स्ट्राइक.” मग दोघं पुढच्याची वाट बघायची. ओर्लाने तर आपल्या दुसऱ्या रुग्णांनाही हा शब्द सांगितला. त्यांपैकी एकानेही कधी मासा धरला नव्हता. कारखान्याने सप्टेंबरपासून आठवड्यातले थोडे दिवस, थोडं काम, असं कबूल केलं.

ऑगस्टच्या शेवटी डेक्लन त्यांना हेझलहॅचला घेऊन गेला. उल्का पहिल्यांदाच तिथे आली. जुन्या होड्या काठाला रांगेने बांधलेल्या होत्या, कुणाच्या टपावर कुंड्या, कुणाच्या टपावर सायकल. पाणी काळसर आणि इतकं संथ की त्यावर ढगसुद्धा सरकत नव्हते. डेक्लनने घडीची खुर्ची मांडली, चंद्रहास तीत बसला. उजव्या हाताने रीळ फिरवता येत नव्हतं आणि डाव्याने गळ फेकणं जमत नव्हतं. त्याने दोनदा प्रयत्न केला, काठी मांडीवर ठेवली, बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला. मग त्याने ती उचलून उल्कापुढे धरली.

“मी?” ती म्हणाली. “मला काय येतंय?”

“येतं,” तो म्हणाला. “सगळे… शब्द… येतात.”

शब्द येत होते, पण हात शब्दांचं ऐकत नव्हते. पहिली फेक मागच्या काटेरी झुडपात गेली. दुसरीला रिळावर मोठं घरटं झालं आणि डेक्लन ते सोडवत बसला. चंद्रहास इतका हसला की त्याला ठसका लागला. मग त्याने डाव्या हाताने पलीकडच्या काठावर पाण्यात वाकलेली फांदी दाखवली. “तिथे. कव्हर.”

चौथी का पाचवी फेक फांदीच्या जवळपास पडली. उल्काने हळूहळू रीळ फिरवलं, थांबली, फिरवलं. आणि कुणीतरी हाताला हिसका दिला.

तिने किंकाळी फोडली. काठी वाकली, लाइन पाण्यात चिरत गेली. तिकडे काहीतरी होतं, जिवंत, तिच्याइतकंच घाबरलेलं, आणि ते सगळ्या अंगाने दूर ओढत होतं. “काय करू? चंद्रहास, काय करू?”

डेक्लन पुढे धावला आणि ओरडणार, तेवढ्यात चंद्रहासने हात वर करून त्याला थांबवलं. तो खुर्चीतून उठला होता. त्याचं तोंड उघडलं होतं, शब्द शोधत होतं. उल्का त्याच्याकडे पाहत राहिली. हाताला कळ लागत होती, टाचा चिखलात रुतत होत्या, आणि तिने त्याच्या वतीने एकही शब्द उच्चारला नाही.

“जा… जाऊ दे,” तो म्हणाला. “त्याला… पळू दे.”

तिने चकती सैल केली. टिक्‌टिक् करत लाइन गेली, गेली, आणि थांबली. “आता,” तो म्हणाला. तिने ओढलं. मासा पुन्हा पळाला, पुन्हा दमला. किती वेळ ते चाललं तिला कळलं नाही. शेवटी डेक्लनने जाळी खाली घातली आणि वर काढली तेव्हा तीत हिरवट, ठिपक्यांचा, चपट्या तोंडाचा पाईक होता. कोपरापासून बोटांपर्यंत हात असतो, फार तर तेवढा. डेक्लनने लांब पकडीने गळ सोडवला आणि माशाला पाण्यात नीट धरून ठेवलं, आणि चंद्रहासने खाली वाकून डाव्या हाताची दोन बोटं त्याच्या पाठीवरून फिरवली. मग मासा नव्हताच तिथे. नुसतं गढूळलेलं पाणी.

उल्का चिखलातच बसली.

डेक्लन चहाचा थर्मास आणायला गाडीकडे गेला. तेवढ्यात वाटेने एक म्हातारा कुत्र्याला घेऊन आला. तो चंद्रहाससमोर थांबला आणि इथले लोक विचारतात तसं म्हणाला, “काय, लागलं का काही?”

उल्काच्या तोंडात उत्तर तयार होतं. ती पाण्याकडे पाहू लागली.

कुत्र्याने गवत हुंगलं. म्हाताऱ्याला घाई नव्हती. बऱ्याच वेळाने चंद्रहास म्हणाला, “पाईक.” आणि मग, आणखी थोड्या वेळाने, “मोठा.”

“अरे वा! केवढा?”

चंद्रहासने डावा पंजा वर धरला. उजवा मांडीवरून उठेना. त्याने त्या हाताकडे पाहिलं, पुन्हा प्रयत्न केला. हात इंचभर हलला आणि पडला. माशाचं एकच टोक हवेत राहिलं.

उल्का उठली, त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तिने आपला पंजा त्याच्या पंजासमोर धरला. होता तेवढ्याच अंतरावर, अगदी बरोबर.

चंद्रहासने तिच्या पंजाकडे पाहिलं आणि मान हलवली. “अजून,” तो म्हणाला.

तिने पंजा थोडा लांब नेला.

“अजून… थोडं.”

ती एक पाऊल बाजूला सरकली. म्हाताऱ्याने शीळ घातली, “शाब्बास रे तुमची!” म्हणाला आणि कुत्र्याला ओढत पुढे निघाला. ती दोघं मात्र तशीच राहिली, हात धरून नव्हे, हात लांब धरून. डेक्लन थर्मास घेऊन परत आला तो वाटेतच थबकला.

“हे काय मोजताय?”

“पाईक,” चंद्रहास म्हणाला. हा शब्द त्याला आता लगेच सापडला.

ज्याने तो मासा स्वतःच्या हातांनी जाळीत घेतला होता, त्या डेक्लनने दोघांच्या पंजांमधलं अंतर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नीट न्याहाळलं. “ग्रँड,” तो म्हणाला, आणि खाली बसून तीन कपांत चहा ओतू लागला.